रितिकाचा टोप

कामिनी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत कामाला होती. सकाळची पाळी उरकून दुपारी कंपनीच्या बसमधून ती प्रताप नगरला उतरायची, तेव्हा तिच्या पायांत त्राण नसायचं. तरी घरात शिरल्यावर पाणी पिण्याआधी ती रितिकाचं डोकं बघायची.

नऊ वर्षांच्या रितिकाला चाई लागली होती. आधी कानामागे रुपयाएवढा चट्टा पडला, मग दुसरा, आणि दिवाळीपर्यंत सगळं डोकं गुळगुळीत झालं. मलमं झाली, इंजेक्शनं झाली. सासूबाईंनी, अंजनाबाईंनी, कांद्याचा रस चोळून पाहिला. केस परत येतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. पोरगी स्कार्फ बांधून शाळेत जायची. एकदा कुणीतरी तो ओढला, आणि तिनं शाळाच सोडली.

सीताबर्डीतली एक संस्था अशा मुलांना खऱ्या केसांचे टोप फुकट देते, असं गिरणीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. सुटीच्या दिवशी कामिनी रितिकाला घेऊन तिथं गेली. तिचे स्वतःचे केस कमरेखाली येत होते.

"माह्येच कापा, अन् हिच्यासाठी टोप बनवा," ती म्हणाली.

तिथल्या मिनलताईंनी दोघींना बसवलं. "ताई, एका टोपाले पाच-सहा जणींच्या वेण्या लागतात. सारे केस एकत्र कारागिराकडे जातात. तुमचे हिलेच भेटतील असं नाही. अन् तुम्ही नाही दिले, तरी हिले टोप भेटनच."

पोरीला देण्यासारखं आपल्याजवळ हे एक आहे, असं कामिनीला इतके दिवस वाटत होतं. तेही पोरीपर्यंत पोचणार नव्हतं. उठून घरी जावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, रितिकाला कधी न पाहिलेल्या बायकाही इथं येऊन केस देऊन गेल्याच असतील.

"कापा," ती म्हणाली.

घरी अंजनाबाई दारातच थबकल्या. "काहून वं? सवाष्णीनं केस कापाचे असतात का? तुहा नवरा जिता हाये न!"

"आई, मी थकली. आधी घोटभर चहा घेऊ द्या."

नवऱ्यानं, दुर्गेशनं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. तेवढंच.

उन्हाळा सरता सरता टोप आला. रितिका आरशासमोरून हलेना. शाळा सुरू झाली तशी ती दोन वेण्या घालून गेली. पण पाऊस दडी मारून बसला होता आणि उकाडा जीव घेत होता. एका दुपारी ती टोप दप्तरात कोंबूनच परत आली.

"काय झालं वं?" कामिनीनं घाबरून विचारलं.

"लय खाजते, आई. आत घाम येते. मिनिटभर काढला, तं साऱ्यांनी पाहूनच घेतलं. मंग नाही घातला."

"चिडवलं कोणी?"

"दोघा-तिघांनी. मंग सर गणित शिकवाले लागले."

कामिनीनं दप्तर जवळ ओढलं. या टोपासाठी किती धावपळ केली होती! रागवावं म्हटलं तर अंगात जोर नव्हता, आणि रागवायचं कशाबद्दल, तेही कळेना. तिनं टोप दप्तरातून काढून झटकला आणि त्यातला गुंता हळूहळू सोडवत बसली.

"मावशीच्या लग्नात घालीन," रितिका तिला टेकून म्हणाली.

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती पाळीवरून आली, तेव्हा अंजनाबाई भाजी निवडत होत्या.

"गेली बापा शाळेत, तशीच उघड्या डोक्यानं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, स्कार्फ तरी बांध. तं म्हणे, गरमी होते."

कामिनी कूलरसमोर फरशीवर आडवी झाली. पोरगी यायला अजून वेळ होता. तिचा डोळा लागला.