नाव नसलेलं माप

मास्तरकाकांनी वंशावळ छापायला काढली आणि टेलरबाईच्या डोक्यात एक रिकामी चौकट जाऊन बसली. काका म्हणजे तिच्या बाबांचे चुलतभाऊ. जन्मभर शाळेत मुलांच्या चुका काढल्या, निवृत्त झाल्यावर पूर्वजांच्या काढायला घेतल्या. सात पिढ्या, एकशे बारा माणसं, प्रत्येकाला एक चौकट, चौकटीत नाव आणि साल. फक्त बाबांच्या आईची चौकट कोरी.

"तीन वर्षांचं पोर टाकून गेलेल्या बाईला कशाला हवंय नाव?" काका फोनवर म्हणाले. "गेली नव्हती असा काही पुरावा असेल तर आण. शुक्रवारी कागद छापखान्यात जाताहेत."

"आणते," टेलरबाई म्हणाली. कुठून आणायचा ते तिला ठाऊक नव्हतं, पण काकांना तेवढं सांगायची काही गरज नव्हती.

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. एक्क्याऐंशी वर्षांचे बाबा आता शिवत नव्हते. दुकानात खुर्ची टाकून ते नुसते हाताने चाचपून बटणं वेगळी करत बसायचे. त्यांना त्यांच्या आत्याने वाढवलं होतं. 'तुझी आई तुला सोडून गेली' एवढंच आत्या सांगायची, आणि ते बाबांनी जे गिळलं ते कायमचं. तिला ते आई म्हणत नसत. 'ती' म्हणत. त्या 'ती' म्हणण्याचा टेलरबाईला लहानपणापासून संताप यायचा. पोराला सांगायला घरात दुसरं काहीच नव्हतं का?

नगरपालिकेतल्या मृत्यूच्या नोंदी तिने तीनदा पालथ्या घातल्या. दुसरं लग्न केलं असेल म्हणून लग्नाच्याही पाहिल्या. "बाई, तुमची इथे हजेरीच लावून टाकतो," तिथला कारकून म्हणाला. नाव कुठेच नव्हतं. तिन्ही वेळा ती हात हलवत परत आली, आणि दर वेळी तिचा हट्ट जरा जास्तच पेटला.

राहिल्या आजोबांच्या मापाच्या वह्या; दुकान मूळचं त्यांचंच. सतरा वह्या माळ्यावर होत्या. त्या तिने एकदा चाळल्या होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर, नाव, तारीख, मापं. आजी त्यात नव्हती, आणि असणार तरी कशी? कुठलाच टेलर घरच्या माणसाचं माप वहीत उतरवत नाही. ते हाताला पाठ असतं. खुद्द टेलरबाईने नवऱ्याचं माप कधी लिहिलं नव्हतं, आणि त्याचं पोट तर तिच्या डोळ्यांदेखत वाढलं होतं.

तरी मंगळवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून ती पुन्हा बसली. या वेळी एक पानही सोडायचं नाही असं ठरवूनच. एका वहीत मागच्या बाजूने काही मापं लिहिलेली होती, नंबर नाही, नाव नाही. पहिल्या वेळी कुणीतरी सराव केला असेल म्हणून तिने ती ओलांडली होती. आता तिने बोट ठेवून वाचली. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. दोन महिन्यांनी छाती एकतीस. मग एकोणतीस. चौदा महिन्यांत आठ नोंदी, शेवटची छाती सव्वीस, कंबर वीस. खांदा मात्र साडेतेराच, बाहीही पाव इंच इकडची तिकडे झाली नव्हती.

सराव करणाऱ्याचा खांदा आठ वेळा असा जुळत नाही. हे एकच माणूस होतं आणि ते झिजत चाललं होतं. नंबर नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, घरचं माणूस. आणि घरच्या माणसाचं माप टेलर लिहितो कधी? हाताला पाठ असलेलं माप खोटं ठरायला लागतं तेव्हा.

शेवटच्या नोंदीखाली आजोबांच्या अक्षरात होतं, 'टेकडीचा दवाखाना, खाट बावीस.' साल तेच, बाबा तीन वर्षांचे होते ते. आणि पान उलटल्यावर पुन्हा नाव नसलेली मापं, पण चिमुकली. छाती एकवीस, उंची सदतीस. दर महिन्याला एक, कणाकणाने वाढणारी, आणि प्रत्येकीपुढे 'कळवलं' असा शब्द. तिने मोजली. एकोणीस होती.

बुधवारी दुकान बंद ठेवून ती टेकडीवर गेली. दवाखाना नगरपालिकेच्या हद्दीबाहेरचा, आता सगळ्याच आजारांचा, एके काळी फक्त क्षयाचा.

"अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचं रजिस्टर?" रेकॉर्डवाले हसले. "उंदरांनी ठेवलं असेल तर मिळेल."

"मग उंदरांकडून घेऊ," टेलरबाई म्हणाली आणि नाकाला रुमाल बांधून त्यांच्या आधी आत शिरली.

पहिला तासभर रेकॉर्डवाले कुरकुरले, मग त्यांनी चहा आणला, मग स्वतःच शिडीवर चढले. चौथ्या तासाला खाट बावीस सापडली. नाव आजीचंच. वय चोवीस. नवऱ्याचा धंदा शिवणकाम. मूल एक, लागण नाही. खाली शेरा होता, 'मुलास भेटीस आणू नये, ही रुग्णाचीच विनंती.' एकोणीस महिन्यांनी मृत्यू. मागे राहिलेलं सामान: कंगवा एक, शाल एक, मुलाच्या मापाच्या चिठ्ठ्या एकोणीस.

"पण मग घरच्यांनी ती पळाली असं का सांगितलं?" टेलरबाईचा आवाज चढला.

"घरात क्षय आहे म्हटलं की लोक तेव्हा दारावरून वळून जायचे," रेकॉर्डवाले म्हणाले. "दुकान बसलं असतं. पोराजवळही कुणी फिरकलं नसतं."

नोंदीच्या नकलेवर शिक्का मारून घेऊन ती थेट बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. "कागदावर काय, कुणीही काहीही लिहितं."

टेलरबाईने वाद घातला नाही. वही उघडली आणि मापं मोठ्याने वाचायला लागली. छाती बत्तीस, कंबर सव्वीस, खांदा साडेतेरा. छाती एकतीस, खांदा साडेतेरा. बाबांचे हात बटणांवरून उठले. साठ वर्षं माणसं मोजलेले हात ते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"थांब," सत्ताविसाला बाबा म्हणाले. "पुढचं नको वाचूस."

"पुढे तुमचीच मापं आहेत, बाबा. दर महिन्याला तिला कळवलेली. तुम्ही किती वाढलात ते तिला बघायला मिळत नव्हतं ना." आणि तिने चिठ्ठ्यांची ओळ वाचून दाखवली.

बाबा रडले, अगदी मोठ्याने. टेलरबाईने त्यांना रडू दिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि काकांना फोन लावायला सांगितला.

"छापणं थांबव."

"आता?" काका पलीकडून ओरडले. "अरे, परवा कागद जायचेत! कुणासाठी थांबवू?"

"माझ्या आईसाठी," बाबा म्हणाले. मग शिक्क्याचा कागद काकांना वाचून दाखवायला त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला.