आधी आपली चूक

एकोणीसशे सत्याऐंशी साली पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात एक भाषण थांबता थांबेना, आणि त्यापायी एका बाईची हातातोंडाशी आलेली खोली गेली.

खोली प्रशासनप्रमुखाची. दोन खिडक्या, दाराला पितळी मूठ. आधीचे प्रमुख निवृत्त झाले तेव्हापासून तिला कुलूप होतं आणि त्यांचं सगळं काम ही बाई जिन्याखालच्या टेबलावरून ओढत होती. शेजारी टेलेक्सचं यंत्र दिवसभर खडखडायचं, त्यामुळे तिला ओरडून बोलायची सवय लागली होती. घरी आली तरी आवाज खाली यायला वेळ लागायचा. नवरा म्हणायचा, "अगं हळू, मी टेलेक्स नाही."

ऑफिसात तिला समोर 'मॅडम' आणि पाठीमागे 'दोरीबाई' म्हणत. मेळाव्याच्या आधी ती सभागृहात दोरी ताणून खुर्च्यांच्या रांगा सरळ करून घ्यायची. मग एकेका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघायची, खांब आड येतो का, माईकचा आवाज इथवर पोचतो का. मेळाव्याला लांबलांबून विक्रेते येत. त्यांना भाषणांचं काही सोयरसुतक नसे. ते येत जेवणाआधीच्या एका तासासाठी. त्या तासात कुणीही उठावं आणि मोठ्या साहेबांना, म्हणजे खुद्द मालकांना, तोंडावर विचारावं: माल उशिरा का येतो, मोटर जळली तर बदलून का देत नाही. मोठे साहेब घाम पुसत उत्तरं देत, आणि विक्रेते वर्षभराची वाफ काढून हसतखेळत जेवायला जात.

तो तास कुणी खाऊ नये म्हणून दोरीबाईने एक पद्धत रुळवली होती. भाषण लांबलं की वक्त्यासमोर पाण्याचा पेला नेऊन ठेवायचा. पेला आला की आवरतं घ्यायचं. घंटा नको, चिठ्ठी नको, चारचौघांत कुणाचा अपमान नको. मोठे साहेबसुद्धा पेला दिसला की तोंडातलं पुढचं वाक्य गिळत.

दुसरी पद्धत मेळावा संपल्यावरची. दुसऱ्या दिवशी सकाळी, खुर्च्या उचलायच्या आत, काम केलेल्या सगळ्यांनी त्याच सभागृहात बसायचं आणि काय चुकलं ते बोलायचं. नियम एकच. प्रत्येकाने फक्त आपली चूक सांगायची, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सुरुवात दोरीबाई स्वतःपासून करायची. त्यामुळे बाकीच्यांची जीभ सुटायची, आणि एका वर्षीची चूक पुढच्या वर्षी होत नसे.

त्या वर्षी मोठे साहेब तिला म्हणाले, "एवढा मेळावा नीट पार पाडा, मग खोलीची किल्ली तुमच्या हातात."

घरी जाताना ती पडद्याच्या कापडाचं दुकान बघून आली.

त्या वर्षी व्यासपीठावर एक नवा माणूस होता. मोठ्या साहेबांचे जावई. नुकतेच परदेशातून शिकून आलेले, आणि कंपनी पुढे तेच बघणार हे दरवानालाही कळलेलं. आदल्या दिवशी ते रंगीत तालमीला यायचे होते, आणि नेमकी त्याच दुपारी जेवणवाल्याची भट्टी बिघडली. दोरीबाईला तिकडे धावावं लागलं. जाताना तिने भाचीला बाजूला घेतलं.

ही भाची तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर परकर सांभाळत शाळेत जात होती. तेव्हापासून ती मावशीच्याच घरी वाढली, शिकली, आणि मावशीनेच शब्द टाकून तिला आपल्या हाताखाली लावून घेतलं. घरी मावशी, ऑफिसात मॅडम.

"जावईसाहेबांना पेल्याचं सांग," दोरीबाई म्हणाली. "त्यांना एकट्यालाच माहीत नाही."

"हो मावशी. आपलं, मॅडम."

"नक्की?"

"अगं हो, सांगते ना!"

मेळाव्याच्या दिवशी जावईसाहेब बोलायला उभे राहिले. माणूस वाईट बोलत नव्हता. पण पंपाचं भवितव्य सांगताना ते जगाच्या भवितव्यावर गेले, तिथून परदेशातल्या आपल्या मास्तरांवर. दोरीबाईने खूण केली, पेला गेला. जावईसाहेबांनी तो उचलला, घटाघट प्यायले, म्हणाले, "थँक यू, गरज होतीच," आणि नव्या दमाने सुरू झाले.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. दोरीबाईने दुसरा पेला पाठवला. तोही रिकामा झाला.

"बाई, अहो, पाणी कशाला पाजताय?" सगळ्यात जुना विक्रेता खुर्चीतून मागे वळून म्हणाला. "हा पंप असा बंद होणार नाही, तारच काढा!"

सभागृहात हशा पिकला. जावईसाहेबांना वाटलं, आपल्या विनोदावर हसले. त्यांनी आणखी एक सांगितला.

दोरीबाई भाचीकडे बघत होती. भाची मान खाली घालून बिल्ल्यांची पेटी आवरत होती. तेव्हाच दोरीबाईला कळलं.

भाषण संपलं तेव्हा प्रश्नांचा तास संपला होता आणि जेवण निवलं होतं. मोठे साहेब म्हणाले, "प्रश्न पुढच्या वर्षी." म्हातारा विक्रेता उठला. "पुढच्या वर्षी पोस्टाने पाठवतो," म्हणाला आणि न जेवता निघाला. त्याच्यामागे निम्मी सभा गेली. त्यांतले बरेचजण त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कंपनीचे पंप विकू लागले.

सकाळी रिवाजाप्रमाणे सगळे जमले. या खेपेला मोठे साहेब आणि जावईसाहेबही येऊन बसले होते. दोरीबाई उभी राहिली.

"चूक माझी," ती म्हणाली. "जावईसाहेबांना पेल्याचा अर्थ मी स्वतः सांगायला हवा होता. मी सांगितला नाही."

जावईसाहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पेल्याला काही अर्थ होता हे त्यांना त्या क्षणी, सगळ्यांदेखत कळलं.

दोरीबाई खाली बसली. आता पाळी भाचीची. ती उठली, पदर सारखा केला, एकदा जावईसाहेबांकडे बघितलं.

"माझ्याकडून सगळं वेळेवर होतं," ती म्हणाली. "मला सांगण्यासारखं काही नाही."

मग वारं फिरलंच. माईकवाल्याकडून सगळं ठीक होतं. गाड्या बघणाऱ्याकडून सगळं ठीक होतं. जेवणाचं बघणारा, ज्याची भट्टी बंद पडली होती, त्याच्याकडूनही सगळं अगदी ठीक होतं.

"म्हणजे चूक एकीकडेच झाली," जावईसाहेब म्हणाले. "आणि ती त्यांनी कबूलच केलीय."

मोठे साहेब आपली नखं बघत होते. त्यांनी वर पाहिलं असतं तर दोरीबाई कदाचित बोललीही असती. पण दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम तिनेच घातला होता, आणि समोर तिनेच वाढवलेली मुलगी बसली होती.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. दोरीबाईने वाढता वाढता विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? पाणी आलं की गप्प बसा म्हणून? मालकाच्या जावयाला?" भाची म्हणाली. "माझी हिंमतच झाली नाही."

"बरं, नाही झाली. मग आज सकाळी सांगायचंस."

"तू आधीच सगळं अंगावर घेतलंस. मग मी कशाला मध्ये पडू?"

"मी माझी सांगितली गं. तुझी तुझ्यासाठी ठेवली होती."

"नोकरी गेली असती माझी!"

"आणि माझी खोली?"

भाचीने पाणी घेतलं. "तुझी किती वर्षं राहिलीत, मावशी? मला तर आत्ताशी सुरुवात करायचीय."

नवऱ्याने घास खाली ठेवला. "हे बोलायलाही हिंमत लागते हो," तो म्हणाला, आणि ताटावरून उठून गेला. दोरीबाई मात्र उठली नाही. भाचीला भात हवा होता, तो तिने वाढला.

उन्हाळा संपायच्या आत त्या खोलीची किल्ली भाचीला मिळाली. जावईसाहेबांना न दुखावणारं माणूस हवं होतं.

मोठ्या साहेबांनी थोड्याच दिवसांत ऑफिसात येणं सोडलं. घरी बसले, आणि भेटायला येणाऱ्याला म्हणत, दोरीबाईंचं जरा राहूनच गेलं. जावईसाहेबांनी कंपनी काही वर्षं चालवली, मग विकली. आता ते दुसऱ्यांना कंपनी कशी चालवावी ते शिकवतात आणि म्हणे छान बोलतात. म्हातारा विक्रेता पुन्हा मेळाव्याला आला नाही. त्याच्या मुलांनी दुकान मोठं केलं, त्यात या कंपनीचा एकही पंप नव्हता.

दोरीबाई निवृत्त होईपर्यंत जिन्याखालीच बसली. सकाळची बैठक भाचीने पहिल्याच वर्षी बंद केली. भाची बाळंतपणाला गेली तेव्हा दोरीबाईला त्या खोलीत बसायला सांगण्यात आलं. ती गेली नाही. खोलीतले कागद खाली मागवून घेतले आणि टेलेक्सशेजारी काम केलं. नवरा गेला त्या वर्षी भाचीने सगळं केलं, गाड्या, माणसं, दवाखाना, कुठे काही कमी पडू दिलं नाही. माणसं जमवण्यात आणि सांभाळण्यात ती मावशीच्याच हाताखाली तयार झाली होती.

अजूनही ती अधूनमधून येते. मावशी चहा करते, नातीची चौकशी करते, दारापर्यंत पोचवायला जाते. निरोप मात्र तिच्याकडे कुठलाच देत नाही. शेजारच्या गल्लीत साधं काही कळवायचं असलं, तरी या वयात, काठी टेकत, स्वतः जाऊन सांगून येते.