सेड्रिकचा श्वास

ह्यूस्टनच्या दक्षिण भागात गाणं आधी संथ करतात आणि मगच ऐकतात. टेपचा वेग इतका उतरवायचा की परवा मिसरूड फुटलेला पोरगाही खोल पाण्याखालून बोलणाऱ्या राक्षसासारखा वाटला पाहिजे! ज्वेलला सेड्रिकचा आवाज तेवढाच माहीत होता. हा थोरला भाऊ सतराव्या वर्षी दम्यानं गेला, तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. त्यानं एक कडवं गायलं होतं, पण त्याच्या मूळ टेपवर कुणीतरी दुसरंच गाणं भरून टाकलं होतं. उरली होती एकच संथ कॅसेट.

आता मधल्या भावाचं, लव्हॉनचं नशीब उघडलं होतं. गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकणाऱ्या या पोराला न्यूयॉर्कच्या बड्या कंपनीनं पहिला अल्बम दिला होता. शाळेत ज्वेलचा भाव असा वधारला होता की जेवणाच्या रांगेत पोरं तिला आपणहून पुढे सोडत. पण लव्हॉन मात्र जेवत नव्हता. शेवटच्या गाण्यात त्याला सेड्रिकचं कडवं हवं होतं आणि कंपनीचा माणूस अडून बसला होता. "मशीन बिघडल्यासारखं वाटतं. आवाज नेहमीच्या वेगात आणा, नाहीतर कडवं काढा. सोमवारी सांगा." त्यांनीच वेग वाढवून एक टेप पाठवली होती. लव्हॉननं ती ऐकऐक ऐकली.

"मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपायचो, ज्वेल," तो म्हणाला, "आणि हा तोच का, मला आठवत नाही."

रविवारी चर्चहून येताच त्यानं मम्माला गाडीशी नेलं. गाडीत वाजवून पाहिल्याशिवाय इथे कुठलंच गाणं पक्कं होत नाही. डिकीतल्या स्पीकरनी नंबरप्लेट थरथरली पाहिजे.

"मम्मा, पुढे बस ना."

"टोपी उडवशील माझी, तुझ्या त्या डबड्यांनी."

पलीकडून शेगडीवर मांस भाजणारे मिस्टर थिबडो ओरडले, "मिस ओडेसा, तुमच्या लेकानं माझ्या खिडक्या खिळखिळ्या केल्यात! अल्बम खपला की काचा त्याच्याकडूनच घेणार!"

"आधी तुमचा धूर आवरा! देवाच्या घरून आलेय, अंगाला डुकराच्या बरगड्यांचा वास येतोय!"

लव्हॉननं कंपनीची टेप लावली. मम्मानं मान तिरकी करून ऐकली.

"हा कोण?"

"सेड्रिक, मम्मा."

"नाही. हा कुणा दुसऱ्या बाईचा पोरगा."

लव्हॉनचा चेहरा पडला. त्यानं वेग कमीजास्त करायचं बटण असलेलं आपलं जुनं मशीन गाडीला जोडलं आणि मागे बसलेल्या ज्वेलच्या मांडीवर ठेवलं. संथ कॅसेट सुरू झाली. कडव्याआधी सेड्रिक एक लांबलचक श्वास घेतो. सगळ्यांना तो फार आवडायचा. पोरं म्हणत, बघा, कसा राजासारखा निवांत आहे!

मम्मानं हात वर केला. "हा श्वास. परत लाव. आणि वाढव."

ज्वेलनं बटण फिरवलं.

"अजून, बेबी. अजून."

श्वास आखडत गेला, बारीक झाला आणि त्याच्या पोटातून शिट्टी ऐकू येऊ लागली. हलकी, चिरकी.

"थांब!" मम्मा म्हणाली. "या शिट्टीच्या उशाशी रात्र रात्र बसलेय मी."

मग त्याच वेगात सेड्रिक बोलू लागला. कोवळा, घाईतला आवाज, ओळीच्या टोकाला फाटणारा. राक्षस कुठला, हा तर ज्वेलच्या वर्गातल्या मागच्या बाकावरचा पोरगा! ओळीओळीत तो थांबायचा, ती त्याची ऐट म्हणून सगळा मोहल्ला नक्कल करायचा. ती ऐट नव्हतीच. त्याला हवा पुरत नव्हती.

कडवं संपलं. नंबरप्लेट गप्प झाली.

"सापडला!" लव्हॉनचे डोळे भरले होते. "हाच देतो त्यांना."

"खबरदार," मम्मा म्हणाली. "दम लागलाय त्याला, ऐकू येत नाही? असा धापा टाकत गावोगाव पाठवतोस माझ्या लेकाला? संथ असला की निदान श्वास तरी पुरतो त्याला."

"मग ते त्याला काढून टाकतील, मम्मा!"

ज्वेलचं बोट अजून बटणावरच होतं. "मग तू हो ना संथ," ती म्हणाली.

"काय?"

"त्याला आपल्या वेगात ओढू नकोस. तू जा त्याच्याकडे. अख्खं गाणंच संथ असेल, तर मशीन बिघडलंय असं कोण म्हणेल?"

"बये, पहिला अल्बम आहे माझा. लोकांना माझा आवाज अजून माहीतसुद्धा नाही."

पण बोलता बोलताच लव्हॉननं तिच्या मांडीवरचं मशीन उचललं आणि तो घरात गेला. सोमवारी फोनवर तो एवढंच म्हणाला, "दोघंही संथ. नाहीतर गाणंच नको." कंपनीच्या माणसानं कटकट केली, पण घेतलं.

अल्बम आला. आता वर्गाच्या खिडक्या थरथरल्या की बाहेरच्या गाडीत कुठलं गाणं लागलंय ते ज्वेलला कळतं. तो लांब श्वास येतो, पोरं माना डोलावतात, आणि तिला एकटीला त्याच्या आतली शिट्टी ऐकू येते. श्वास संपेपर्यंत ती स्वतःचा रोखून धरते.

घरी वेगळंच. रस्त्यावरून गाणं येतं, सेड्रिकचं कडवं संपतं, आणि पाठोपाठ पाण्याखालून लव्हॉन बोलू लागतो, अगदी तसाच, गेलेल्या भावाच्या शेजारून. मम्माचा हात कढईवरच थबकतो.

"लव्हॉन! घरात आहेस ना रे?"

"आहे, मम्मा!" तो आतून ओरडतो. भरभर, जमेल तितक्या भरभर.