शनिवारच्या वेण्या

पहिला ठोसा कानशिलावर बसला तेव्हा इझेलच्या हातात वेणीत ओवायच्या मण्यांचा डबा होता. डबा उडाला आणि लाल-पिवळे मणी पायऱ्यांवरून घरंगळत रस्त्यापर्यंत गेले. क्लेव्हॉनने, त्याच्या मेहुण्याने, दुसरा ठोसा पोटात हाणला.

"उचल ना हात," तो म्हणाला. "अख्ख्या मेम्फिसला माहितीये तू काय चीज आहेस ते."

माहीत होतंच. एकाचा जबडा मोडून इझेल तुरुंगात गेला, आणि तो आत असतानाच बायको रेनिटा आजारपणात गेली. मुलगी झाकिया आजीकडे, रेनिटाच्या आईकडे, राहिली. बहिणीच्या मरणाचं खापर क्लेव्हॉनने त्याच्याच डोक्यावर फोडलं. आता मुलगी बापाला द्यायची की नाही, हे सोमवारी न्यायाधीश ठरवणार होते, आणि आजीला विचारूनच ठरवणार होते. इझेलने एक फटका परत दिला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. क्लेव्हॉनला तेच हवं होतं.

चर्चच्या तळघरात काळ्या बापांची बैठक भरे; सुटून आल्यापासून इझेल तिथे जात होता. ती चालवणारे म्हातारे गॅड्सन भलतेच चिवट. घरोघरी जाऊन बाप मुलांसाठी काय काय करतात याची पाहणी करायची, ती घेऊन राजधानीत आमदारांचं डोकं खायचं, हा त्यांचा उद्योग. बैठकीत मात्र ते वेण्या घालायला शिकवत. टायरच्या दुकानात राठ झालेली इझेलची बोटं बाहुलीच्या केसांत अडकली की सगळे फिदीफिदी हसत. ज्या हाताला हे जमलं त्याला मारामारी आठवत नाही, असं गॅड्सन सांगत.

थापा होत्या. इझेलला सगळं आठवत होतं. मूठ आपोआप वळली. समोरची हनुवटी कुठे फुटेल हेही त्याला कळत होतं. पण जाळीच्या दारामागे सासूबाई, ज्यांना सगळे मिस ओडेसा म्हणत, उभ्या दिसल्या. त्याने मूठ सोडली आणि पायरीवर बसून घेतलं.

क्लेव्हॉन त्यानेच जास्त पिसाळला. पायरीवर टेकलेल्या त्या हातावर त्याने बूट आपटला. दोन बोटं मोडल्याचा आवाज इझेलला स्वतःला ऐकू आला. तो गुरासारखा ओरडला, पण उठला नाही.

"क्लेव्हॉन, बास," दार उघडून मिस ओडेसा म्हणाल्या. "चालता हो इथून."

तो थुंकला आणि गेला.

झाकिया कंगवा घेऊन आली आणि दर शनिवारसारखी बापाच्या गुडघ्यांमध्ये बसली.

"डॅडी, रक्त येतंय."

"येऊ दे. मान सरळ ठेव."

भांग कसाबसा पडला. वेणीला तीन बटा लागतात आणि तिसरी हातातून पुन्हापुन्हा निसटत होती. इझेलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मार खाताना आलं नव्हतं ते आता थांबेना.

गुडघे धरत मिस ओडेसा त्याच्या शेजारी बसल्या. निसटलेली बट त्यांनी उचलली आणि तिची पाळी येईपर्यंत धरून ठेवली.

"सैल घालू नकोस," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत टिकली पाहिजे."