पूल बंद ठेवण्याच्या बाजूने

दातांच्या डॉक्टरांइतका सुखी वक्ता जगात दुसरा नसेल. समोरचा माणूस आडवा, तोंड उघडं, तोंडात कापूस, आरसा आणि यांची दोन बोटं. तो बिचारा वाद काय घालणार? आमच्या डॉक्टरांनी चौतीस वर्षं अशा लोकांना करांपासून रस्त्यावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळं पटवून दिलं, आणि प्रत्येकाने ‘आँ’ म्हणून ते मान्य केलं. या रियाजाच्या जोरावर वाचनालयाच्या वादविवादात ते बावीस वेळा उभे राहिले आणि बावीस वेळा जिंकले.

पटलं नाही ते फक्त एका माणसाला, आणि तो माणूस म्हणजे त्यांची बायको. तीही बावीस वेळा दुसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसली, आणि मतदानाला बावीसही वेळा तिने नवऱ्याच्या विरुद्ध हात वर केला. चुकून नव्हे, चांगलं ठरवून. दवाखान्यात तीच त्यांच्या हाताशी असायची. हत्यारं उकळायची, दातात भरायचं सिमेंट कालवायची, मागायच्या आधी चिमटा हातात ठेवायची. त्यामुळे सकाळच्या पेशंटला एक बाजू आणि दुपारच्या पेशंटला बरोबर तिच्या उलट बाजू, तीही तितक्याच तळमळीने पटवणारे डॉक्टर तिने रोज ऐकले होते.

“बोलता छान हो तुम्ही,” ती घरी येताना म्हणायची. “पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ते काही कळलं नाही बाई मला.”

बावीस विजयांचे बावीस पेले कपाटात होते, पण डॉक्टरांना सलायचं ते हे न मिळालेलं एक मत.

तर साथ आली तेव्हा ही बायको नदीच्या पलीकडे होती. मुलीला मुलगा झाला म्हणून बाळाला बघायला चार दिवसांचे कपडे घेऊन गेली, आणि तिसऱ्या दिवशी पूल बंद झाला. पुलाच्या तोंडाशी फाटक लागलं, फाटकाशी पोलीस बसला, आणि दोन्ही काठांची बस आगारात जाऊन झोपली. दवाखान्यालाही कुलूप लागलं. साथीच्या दिवसांत दुसऱ्याच्या उघड्या तोंडात डोकं घालायला कोण परवानगी देणार?

पहिला आठवडा डॉक्टर मोठ्या ऐटीत राहिले. अंडी उकडता येतात म्हणून आपल्याला स्वयंपाक येतो, असा त्यांचा समज होता. दुसऱ्या आठवड्यात अंड्यांचा वीट आला आणि बोलायला कोणी नाही म्हणून ते खिडकीतल्या कुंडीशी बोलू लागले. कुंडीने सगळं मान्य केलं, त्यात काही मजा नव्हती. तिसऱ्या आठवड्यात ते फाटकावर गेले आणि पोलिसासमोर पाऊण तास बोलले. पोलिसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “काका, उन्हाचे उभे राहू नका, घरी जा.” तोंडात कापूस नसलेल्या माणसापुढे आपली डाळ शिजत नाही, हे डॉक्टरांना त्या दिवशी प्रथम कळलं.

गावात तेव्हा पुलावरून नुसती जुंपली होती. बेकरीच्या रांगेत सहा-सहा फुटांवर उभं राहून लोक भांडत होते, आणि अंतर जास्त म्हणून आवाजही जास्त. ‘बंद ठेवा’वाले म्हणत, पलीकडे पेशंट वाढलेत, उघडलात तर साथ आपल्या दारात येईल. ‘उघडा’वाले म्हणत, साथ काय बसचं तिकीट काढून येते? नगरपालिकेत निम्मे इकडे, निम्मे तिकडे. शेवटी नगराध्यक्षांनी हात झटकले. वाचनालयात वादविवाद घ्या, सभासदांनी रेडिओवर ऐकून फोनवर मत द्यावं, जो निकाल लागेल तो आम्हाला मान्य. ठराव असा होता: ‘पूल आणखी एक महिना बंद ठेवावा.’ मतं समसमान पडली, तर ठराव पडला असं धरायचं.

वाचनालयाचं बोलावणं आलं तेव्हा डॉक्टरांनी पंचवीस दिवसांत प्रथमच स्वच्छ दाढी केली. पूल उघडण्याच्या बाजूने त्यांनी अकरा मुद्दे काढले, त्यातले चार तर खरेही होते. पुढच्या आठवड्यात बायको घरात, या हिशोबाने त्यांनी घर झाडलं, आणि सिंकमधली भांडी घासायच्या उद्देशाने निदान भिजत घातली.

पण घोडं अडलं ते चिठ्ठीपाशी.

वाचनालयाची एक जुनी रीत होती. कोण कोणत्या बाजूने बोलणार हे वक्त्याने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. आपल्याला पटलेलं तर कोणीही बोलेल, दुसऱ्याचं म्हणणं बोलता आलं पाहिजे, असं संस्थापकांचं म्हणणं होतं आणि ते दारावरच रंगवून ठेवलेलं होतं. शिवाय भाषण संपवताना ‘म्हणून मी या ठरावाच्या बाजूने आहे’ किंवा ‘विरुद्ध आहे’ हे वाक्य म्हणावंच लागे. ते गाळलं तर भाषण बाद. इतकी वर्षं या रीतीचा सगळ्यात मोठा कैवारी कोण, तर आमचे डॉक्टर. सकाळी एक आणि दुपारी दुसरं बोलणाऱ्याला चिठ्ठीचं कसलं भय?

सकाळी दहाला ग्रंथपालबाईंनी बरणी पुढे केली. डॉक्टरांनी चिठ्ठी उघडली. ‘ठरावाच्या बाजूने.’ म्हणजे पूल बंदच.

समोर होत्या सरकारी हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर. त्या स्वतः ‘बंद ठेवा’ म्हणून महिनाभर कंठशोष करत होत्या, आणि त्यांच्या हातात आली ‘विरुद्ध’. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“बाई,” डॉक्टर ग्रंथपालबाईंना म्हणाले, “आम्ही दोघांनी अदलाबदल केली तर कोणाचं काय बिघडतं?”

“संस्थापकांचं बिघडतं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आणि बारा वर्षांपूर्वी शाळेच्या हेडमास्तरांनी हेच विचारलं, तेव्हा त्यांना याच टेबलाशी अर्धा तास सुनावणारे तुम्हीच होतात. माझ्याकडे लिहून ठेवलंय.”

डॉक्टर मूग गिळून घरी आले. भाषण दुपारी चारला. मध्ये बायकोचा फोन.

“काय हो, आज आहे ना तुमचं? आम्ही सगळे रेडिओ लावून बसणार आहोत. बाळालासुद्धा ऐकवणार आहे. तेवढाच लवकर झोपेल.”

“तू मत देणार आहेस?”

“देणार म्हणजे काय. आजीव सभासद आहे मी, क्रमांक एक्केचाळीस.”

“नेहमीसारखंच देणार ना?” डॉक्टरांनी जपून विचारलं. “माझ्या विरुद्ध?”

“हो तर. आता या वयात काय सवय मोडायची?”

आयुष्यात प्रथमच हे ऐकून डॉक्टरांच्या जिवात जीव आला. आपली चिठ्ठी कुठली ते त्यांनी सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी आयुष्यात कधी न केलेला विचार केला. आज हरायचं. पण हरतात कसं? त्यांना सवयच नव्हती. पडेल वक्त्यांना आठवून पाहिलं तेव्हा त्यांना सापडलं. जो घरचं रडगाणं गातो, तो हरतो. आकडे सोडून आपल्या म्हातारीचं, आपल्या गुडघ्याचं सांगत बसणाऱ्यांची त्यांनी स्वतः किती टिंगल केली होती. ठरलं तर मग. आज आकडा नाही, मुद्दा नाही, विनोद नाही. नुसतं रडगाणं. शेवटी नियमाचं ते एक वाक्य म्हणायचं आणि सुटायचं.

चार वाजता वाचनालयाचा हॉल रिकामा होता. खिडक्या सताड उघड्या, टेबलावर रेडिओवाल्यांचा मायक्रोफोन, एका कोपऱ्यात सिस्टर, दुसऱ्यात फळ्याशी ग्रंथपालबाई. डॉक्टर उभे राहिले. नजर सवयीने दुसऱ्या रांगेकडे गेली. खुर्ची रिकामी होती.

“माझी बायको पलीकडे आहे,” ते म्हणाले. “चार दिवसांचे कपडे घेऊन गेली, आज पंचवीस दिवस झाले. या दिवसांत मी काय शिकलो, ते सांगतो. चहाचा डबा कुठे असतो ते मला आठव्या दिवशी कळलं. घरात घड्याळ वाजतं हे अकराव्या दिवशी कळलं. इतकी वर्षं वाजत असणार, पण आमच्या बोलण्यात ऐकू आलं नसेल. आमच्या म्हणजे माझ्या.”

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. कंटाळवाणं, घरगुती, अगदी पडेल. ग्रंथपालबाई चकित होऊन बघत होत्या. पण पुढे काय झालं कोण जाणे. माणूस रडगाण्याचं सोंग घेऊन उभा राहिला खरा, पण सोंगाखाली खरंच रडगाणं होतं.

“परवा मी दवाखाना उघडून बसलो होतो,” डॉक्टर म्हणाले. “पेशंट नव्हताच. सहज हात मागे केला, चिमट्यासाठी. चौतीस वर्षं मी तोंडाने चिमटा मागितलेला नाही. हात मागे केला की चिमटा हातात येतो. परवा आला नाही. मी किती तरी वेळ हात तसाच धरून बसलो. मी जन्मभर एवढा बोललो, पण तू मागे उभी असतेस म्हणून माझं चालतं, हे काही मी तिला कधी म्हणालो नाही. मला वाटलं, त्यात मुद्दा काय आहे. ती घरात नाही तर मला घरात जावंसं वाटत नाही. एवढंच.”

त्यांची दातखीळ बसली. ग्रंथपालबाईंनी खुणेने घड्याळ दाखवलं. डॉक्टर भानावर आले, आणि त्यांना नियम आठवला.

“म्हणून,” ते म्हणाले, “मी या ठरावाच्या बाजूने आहे.”

आणि बसले. आपण काय करून बसलो, ते बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. सिस्टरांच्या आलं. त्या डोळे पुसत होत्या.

तरी बाई कर्तव्याला चुकल्या नाहीत. त्या साधं आणि फार चांगलं बोलल्या. हॉस्पिटलची झाडलोट करणारी बाई पलीकडची आहे, पंचवीस दिवस चादरींच्या खोलीत झोपते, तिची दोन मुलं फाटकापलीकडून तिला हात करतात. तपासून सोडा, मोजून सोडा, पण सोडा, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. इतकं सुंदर भाषण त्यांनी दुसऱ्या कोणाचं कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे असं की ऐकलंच नव्हतं.

मग फोन सुरू झाले, मुदत सहापर्यंत. ग्रंथपालबाई सभासद क्रमांक विचारायच्या, मत विचारायच्या आणि फळ्यावर रेघ मारायच्या. पण लोक नुसतं मत देऊन थांबेनात. “चिठ्ठीचं सोडा, ज्याची बायको पलीकडे अडकलीय, तोच म्हणतो बंद ठेवा,” बेकरीवाला फोनवर हुंदका देऊन म्हणाला, “मग आम्ही कोण उघडा म्हणणारे? बाजूने लिहा.” पोस्टमन म्हणाला, याला म्हणतात त्याग. बाजूने. कालपर्यंत ‘उघडा’ म्हणून घसा फोडणारी माणसं पटापट बाजूने येत होती. डॉक्टर खुर्चीत घामाघूम.

“अहो, त्याग कसला,” ते म्हणाले, “मी नियमाचं वाक्य म्हटलं.”

“मतदान चालू असताना वक्त्याने बोलायचं नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

सिस्टरांचं पटलेलीही माणसं होती, तीही चिवटपणे फोन करत होती. साडेपाचला एकशे अकरा विरुद्ध एकशे अकरा. समसमान म्हणजे ठराव पडला. डॉक्टरांनी देवाला हात जोडले. सहाला पाच मिनिटं असताना फोन वाजला. ग्रंथपालबाईंनी ऐकलं, “नक्की ना?” असं दोनदा विचारलं, आणि ठरावाच्या बाजूने एक रेघ मारली.

पूल आणखी एक महिना बंद. डॉक्टरांचा तेविसावा विजय.

घरी आले तर भिजत घातलेली भांडी तशीच होती, आणि फोन वाजत होता.

“ऐकलंस का,” डॉक्टर रडवेले होऊन म्हणाले. “एका मताने. एका मताने अंगाशी आलं. कोण गाढव शेवटच्या क्षणाला मत देऊन गेलं, मला एकदा कळू दे.”

बायको म्हणाली, “क्रमांक एक्केचाळीस.”

“तू?”

“मी.”

“अगं, पण तू नेहमी विरुद्ध देतेस. सकाळी कबूल केलं होतंस. पूल उघडला असता, तू घरी आली असतीस.”

“ते कळतंय हो मला. तासभर फोन हातात घेऊन बसले होते. मुलगी म्हणत होती, आई, विरुद्ध दे, नाहीतर महिनाभर इथेच. पण जन्मात पहिल्यांदा तुम्ही तुम्हाला वाटतं ते बोललात. आणि नेमकं त्याच दिवशी मी विरुद्ध हात वर करू? ते काही झालं नाही माझ्याच्याने.”

बावीस वेळा ज्या मतासाठी जीव टाकला ते मत मिळालं होतं, आणि त्यापायी बायको नदीच्या पलीकडे राहिली होती.

“रेडिओला खरखर होती,” ती म्हणाली. “चिमट्याचं पुढचं नीट ऐकू आलं नाही. बाळही रडत होतं. परत एकदा सांगता का?”

डॉक्टरांनी उठून खिडकी लावून घेतली. मग खुर्ची फोनजवळ ओढली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.