चुन्याच्या रिंगणातला अमरकंद

मित्रांनो, माझ्या काचेवर एका बाजूला बारीक ओरखडा आहे, तेवढा सांभाळून घ्या. मी एक जुने भिंग आहे. पुण्यातल्या एका चष्मेवाल्याने मला पितळी कडे आणि शिसवी मूठ बसवली आणि मुळशीतल्या शाळेचे ग्रंथपाल बंडोपंत मला घरी घेऊन आले.

रविवारी ते आणि त्यांची पत्नी सुलक्षणाबाई मला घेऊन रानात जात. एका चैत्रात ताम्हिणीकडच्या झाडीत आम्हाला अमरकंद हा जमिनीतून उगवणारा ऑर्किड दिसला. पान एकही नाही, पाचोळ्यातून नुसता दांडा वर आलेला आणि त्याला गुलाबी फुले.

"पुढच्या वर्षी पुन्हा येऊ," बाई म्हणाल्या.

पुढे बारा वर्षे शोधूनही तो दिसला नाही. मग बाईही गेल्या आणि मी कपाटात पडले. "तो खरंच अमरकंद होता का?" असे पंत अधूनमधून स्वतःशीच पुटपुटत.

यंदाच्या चैत्रात त्यांनी मला बाहेर काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले. गावातल्या शेतकरीण तुळजाबाईंच्या शेतामागच्या झाडीत तसाच दांडा उभा होता! माझ्या काचेवर एक थेंब पडला. कुणाचा पाय पडू नये म्हणून पंतांनी घरून चुना आणून फुलाभोवती रिंगण काढले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर तुळजाबाई कुदळ उगारून उभ्या! शेजारच्या टेकडीवर तेव्हा प्लॉट पडत होते. चुना दिसला की जमिनीची मोजणी झाली, असेच गावात समजत.

"माज्या रानात मोजणी कुनी केली? ही चुन्याची खूनच खनून काढते!"

 भिडस्त पंतांनी मला फुलापुढे धरले. बाईंनी कुदळ टेकवली आणि वाकून पाहिले.

"आगं बया! अमरकंद हाय की ह्यो. माजी आय दाखवायची."

"नक्की अमरकंदच ना?" पंतांनी विचारले.

"मग काय कोथिंबीर हाय? पर पंत, येवढी पुस्तकं वाचली आन् झाडाला चुना घातला? मुळं जळतील की!"

पंतांनी मान खाली घातली. बाईंनी हातानेच चुना खरवडून काढला, वर पाचोळा पसरला. "औंदा भाताच्या वाफ्यात राब भाजायला ह्या अंगचा पाचोळा न्हाई न्यायचा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी फक्त जवळून दाखवते. जपायचे कसे, ते मात्र त्या मातीत राबणाऱ्याला आधी विचारा. आम्ही विचारले नाही, म्हणून चुकलो.

आता फुले सरली आहेत. मी कपाटात नसते, पंतांच्या उशाशी असते. खूण नाही, मग जागा सापडेल का, ही त्यांची धास्ती.

"मी हाय की," तुळजाबाई म्हणाल्या. "फुडच्या चैताला या."