ओटीचं काम

सातव्या महिन्यात पोटाखालचं काही दिसेना, तेव्हा डॉक्टरांना विचारून मी उरणच्या नेहमीच्या पार्लरमध्ये बिकिनी वॅक्सची, म्हणजे जांघेतले केस काढायची, वेळ घेतली. निघताना सासूबाईंनी विचारलं, "कुठं चाललीस?" सासूला असलं सांगतात का? घाईत तोंडातून निघालं, "पार्लरमध्ये ओटीपोटाचं काम आहे." टीव्हीच्या गोंगाटात त्यांना 'ओटीपोटा'तलं नुसतं 'ओटी' ऐकू गेलं.

पार्लरवाल्या अमिषाने वॅक्स कोमट केलं, आधी थोडंसं लावून कातडी लाल होत नाही ना ते पाहिलं आणि मला कुशीवर झोपवलं. पहिली पट्टी लावली तेवढ्यात पडदा सरकला. समोर सासूबाई, हातात नारळ-तांदळाचं ताट, आणि मागे चार सवाष्णी.



"ओटी घरी सोडून पार्लरमध्ये भरतात व्हय?" असं तणतणत त्या आत आल्या आणि माझ्या उघड्या मांड्या बघून जागीच थिजल्या. मग त्यांनी बायकांना बाहेर काढलं, पडदा ओढला. आता माझी खैर नाही, असं वाटलं. पण त्यांनी वॅक्समध्ये बोट बुडवून ते फार गरम नाही ना ते पाहिलं.

"तुला कुणी जबरदस्ती न्हाय ना केली?"

"नाही. मलाच हवंय."

"मग कर." ताट खाली ठेवून त्यांनी माझा हात धरला. "माझ्या बाळंतपणाला नर्सनं सरळ ब्लेड फिरवलं. मला कुणी विचारलं बी न्हाय."